बडोद्यातलं एआयवालं एक्स-रे सेंटर: फोटो उत्तम, मेसेजची पद्धत चुकीची

मी बडोद्यात सरकारी दवाखान्यात 31 वर्षं एक्स-रे टेक्निशियन होते. 2015 मध्ये निवृत्त झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे कौतुक आणि जी तक्रार लिहिणार आहे ती दोन्ही त्या नजरेतून आली आहेत.

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे सांगितला होता. त्यांचं वय 71. ओल्ड पादरा रोडच्या बाजूला एक नवं सेंटर झालंय, दारावरच मोठ्या अक्षरात लिहिलंय की इथे रिपोर्ट एआयच्या मदतीने तपासले जातात. सर्जनने तिथलंच नाव सुचवलं. सेंटरचं नाव मी लिहीत नाही. जे खटकलं ते मालकांसमोर बसून सांगितलं आहे आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं. पण असं सॉफ्टवेअर आता गावोगावच्या सेंटरमध्ये येणार, तेव्हा आपल्या लोकांना माहीत असावं म्हणून सविस्तर लिहिते. वन्संच्या आजाराबद्दल लिहिलंय ते त्यांना विचारून. त्या म्हणाल्या, "लिही. आता कोणापासून लपवायचं?"

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर फार चांगलं होतं.

शनिवारी सकाळी साडेअकराला आम्ही पोचलो. आत शिरताना चार पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या चढवताना माझा जीव वर-खाली झाला. आत मात्र गर्दी नाही, गाऊन धुतलेला, त्याच्या नाड्या शाबूत. टेक्निशियन पंचविशीतली गुजराती मुलगी. तिने वन्संना गळ्यातली साखळी काढायला सांगितली, ब्लाउजची पिन काढवली, आणि मग एक गोष्ट केली जी पाहून मला तिच्या पाठीवर थाप द्यावीशी वाटली. वन्संची वेणी तिने वर गुंडाळून डोक्यावर क्लिपने बसवली. ओल्या, तेल लावलेल्या वेणीची सावली फुफ्फुसाच्या टोकावर पडते आणि ती अगदी क्षयाच्या डागासारखी दिसते. ही गोष्ट मला माझ्या सीनियरने पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. आजकाल घाईच्या जागी हे कोणी बघत नाही.

मग छाती प्लेटला टेकवून, हात कमरेवर, कोपर पुढे, म्हणजे खांद्याची हाडं फुफ्फुसावरून बाजूला सरकतात. "बा, ऊंडो श्वास लो. पकडी राखो." फोटो निघाला. मुलीने स्क्रीनवर बरगड्या मोजल्या. मागच्या बाजूने नऊच दिसत होत्या, श्वास पुरता भरला गेला नव्हता. शिवाय गळ्याच्या हाडांची टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर नव्हती, म्हणजे वन्सं किंचित वळून उभ्या होत्या. तिने न कंटाळता पुन्हा उभं केलं, स्वतः श्वास घेऊन दाखवला आणि दुसरा फोटो काढला. या वेळी दहा बरगड्या स्वच्छ. आमच्या वेळी दुसरा फोटो म्हणजे दुसरी फिल्म, पुन्हा डार्करूम, लाल दिव्यात डेव्हलपर-फिक्सर, पुन्हा वाळवणं; म्हणून पुष्कळदा आहे तोच चालवून घ्यायचे. आता पाच सेकंदांत पडद्यावर चित्र येतं, तरी चालवून घेणारे आहेतच. ही मुलगी त्यातली नव्हती. मशीन कितीही हुशार असो, त्याला आधी असा नीट काढलेला फोटो लागतो.

पैसे 400 रुपये. एआयचे वेगळे घेतले नाहीत.

तिथून निघून आम्ही कीर्तिस्तंभाजवळ सेव-उसळ खायला थांबलो. वन्संची फार इच्छा होती, ऑपरेशननंतर महिनाभर बाहेरचं बंद होणार म्हणून. ताटली अर्धी झाली असेल आणि त्यांच्या सुनेचा फोन आला. आवाज घाबरलेला. सेंटरमधून तिच्या मोबाइलवर मेसेज आला होता: एआयचा प्राथमिक निकाल, अॅबनॉर्मल, टीबी सूचक, स्कोअर 0.78. सोबत छातीचं चित्र, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर लालभडक ठिपका. फॉर्मवर तिचा नंबर होता, कारण अपॉइंटमेंट तिने घेतली होती. ती मला विचारत होती, "मामी, 78 टक्के टीबी आहे का?"

मला उत्तर लगेच माहीत होतं, पण मी ते फोनवर देऊ शकत नव्हते.

1979 मध्ये, 25 वर्षांच्या असताना, वन्संना टीबी झाला होता. त्या वेळी आजच्यासारखा सहा महिन्यांचा कोर्स नव्हता. रोज स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन, माझे सासरे सायकलवर मागे बसवून न्यायचे, आणि पुढे वर्षभराहून जास्त गोळ्या. त्या पूर्ण बऱ्या झाल्या. तीन वर्षांनी लग्न झालं, आणि सासरी हे कोणाला सांगितलं नाही. त्या काळात सांगितलं असतं तर लग्नच मोडलं असतं. मी 1986 मध्ये या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला एक तपकिरी पाकीट दिलं आणि म्हणाल्या, "तू यातलं जाणतेस, तुझ्याकडे राहू दे." त्यात 1983 ची फिल्म होती. 1996 ची मी स्वतः काढली आणि 2011 मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीची तिसरी त्यात भर पडली. तिन्हींमध्ये उजव्या टोकाला तोच जुना व्रण, चुन्याचे तेच बारीक ठिपके, वर ओढली गेलेली तीच सावली.

म्हणजे मशीनने चुकीचं काही पाहिलं नव्हतं. जिथे डाग आहे तिथेच बोट ठेवलं होतं. पण तो डाग 46 वर्षांपूर्वीचा आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सेंटरच्या फॉर्मवर नाव, वय, डॉक्टरांचं नाव, मोबाइल नंबर आणि बायकांसाठी गरोदरपणाचा रकाना, बस. पूर्वी टीबी झाला होता का, हा प्रश्नच नाही.

आम्ही घरी पोचलो तोवर सुनेने सहा वर्षांच्या नातवाचा पलंग आजीच्या खोलीतून हॉलमध्ये हलवला होता. तिला मी दोष देत नाही. आई आहे, हातात छापील निकाल आहे, तिने जे करायचं तेच केलं. पण वन्संनी काय केलं ते मला अजून विसरता येत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या, स्वतःचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. 1979 मध्ये त्यांच्या आईने काढला होता तसाच.

डॉक्टरांची सही असलेला रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी संध्याकाळी वन्संनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. 46 वर्षं जपलेली गोष्ट एका मशीनच्या मेसेजमुळे सांगावी लागली. सून रडली, नातू रात्री पुन्हा आजीच्या कुशीत गेला, तो भाग घरातला आहे, तो इथे लिहीत नाही.

त्या दोन रात्री मला झोप नव्हती, म्हणून वाचत बसले. आकड्याचं सांगते, कारण सुनेसारखाच गैरसमज पुष्कळांचा होईल. 0.78 म्हणजे 78 टक्के टीबी नव्हे. या सॉफ्टवेअरला आधी लाखो एक्स-रे दाखवलेले असतात, कुठल्यात रोग होता आणि कुठल्यात नव्हता ते सांगून. नवीन फोटो आला की ते आधीच्या रोगी फोटोंशी त्याचं साम्य जोखतं आणि त्याला एक अंक देतं. कुठल्या अंकाच्या वर धोक्याचा झेंडा लावायचा ही रेघ सॉफ्टवेअर वापरणारे ठरवतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांप्रमाणे ती वेगळी ठेवावी लागते. रेघ खाली ओढली तर रुग्ण सुटत नाहीत पण बऱ्या माणसांनाही झेंडा लागतो. वर नेली तर उलट. त्यामुळे तो अंक डॉक्टरांच्या टेबलावर उपयोगाचा आहे, घरच्यांच्या हातात एकटा देण्याजोगा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरच्या लोकांमध्ये टीबी शोधताना छातीच्या एक्स-रेसाठी अशी सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली. मान्यता कशासाठी, तर चाळणीसाठी. चाळणीवर जो राहील त्याची पुढे थुंकीची तपासणी करायची आणि मग ठरवायचं. त्याच वर्षी ढाक्यातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे जवळजवळ 24 हजार लोकांच्या एक्स-रेवर पाच वेगवेगळी एआय सॉफ्टवेअर चालवून पाहिली, त्यात मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचंही होतं. पाचही सॉफ्टवेअर त्या अभ्यासातल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांपेक्षा, सरस ठरली. हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण त्याच अभ्यासात दिसलं की वयस्क माणसांत आणि ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय त्यांच्यात सगळ्यांची कामगिरी घसरते. आमच्या वन्सं दोन्हींत बसतात. म्हणजे ही अडचण जगाला ठाऊक होती, बडोद्याच्या त्या फॉर्मला ठाऊक नव्हती.

आणखी एक गोष्ट वाचली, ती टेक्निशियन लोकांसाठी मुद्दाम लिहिते. 2018 मध्ये अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणारं एक सॉफ्टवेअर तपासलं गेलं. ते एक्स-रे बघून हा कोणत्या हॉस्पिटलचा आहे हेही ओळखत होतं, कारण कोपऱ्यातल्या डाव्या-उजव्या बाजूच्या धातूच्या खुणेकडेही त्याचं लक्ष होतं! ज्या हॉस्पिटलात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथली खूण दिसली की अंदाज तिकडे झुकायचा. मी 31 वर्षं ती शिशाची 'आर' आणि 'एल' अक्षरं चिकटपट्टीने प्लेटवर लावली. त्या अक्षरांवरून कोणी रोग ठरवेल असं स्वप्नातही आलं नसतं. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने ते आपल्या मशीनवर, आपल्या गावच्या रुग्णांवर आधी तपासून बघायलाच हवं.

सोमवारी सकाळी मी तपकिरी पाकीट घेऊन सेंटरवर गेले. रेडिओलॉजिस्ट साहेबांना भेटायचंय म्हटलं. रिसेप्शनवर थोडी नाराजी दिसली, पण साहेबांनी स्वतः आत बोलावलं. फिल्म पाहायला दिव्याची पेटी लागते. ती त्यांच्याकडे होती, पण तिच्यासमोर रजिस्टरं रचलेली. त्यांनी स्वतः ती हलवली आणि दिवा लावला. 1983, 1996, 2011 एका ओळीत, आणि शेजारच्या स्क्रीनवर शनिवारचा फोटो. पाच-सहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत होते. मग विचारलं: खोकला? ताप? रात्रीचा घाम? वजन उतरलंय? काहीच नाही. म्हणाले, "जुना व्रण आहे. 1996 मध्ये जेवढा, आजही तेवढाच. या फिल्म तुम्ही जपून ठेवल्यात, नाहीतर मला यांना पुढच्या तपासण्यांना पाठवावं लागलं असतं आणि ऑपरेशन लांबलं असतं." रिपोर्टमध्ये त्यांनी जुन्या फिल्मशी तुलना केल्याचं स्पष्ट लिहिलं. आणि वन्संच्या सुनेला स्वतः फोन करून समजावून सांगितलं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना करायची गरजही नव्हती. त्या एका फोनसाठी मी या सेंटरकडे पुन्हा जाईन.

मी त्यांना विचारलं, तुम्ही आधी मशीनचा निकाल बघता की फोटो? ते म्हणाले, आधी नुसता फोटो बघतो, मनाशी मत ठरवतो, मगच मशीनचा रंगीत थर चालू करतो. हे ऐकून मला बरं वाटलं. 2023 मध्ये जर्मनीत 27 रेडिओलॉजिस्टवर एक प्रयोग झाला. त्यांना मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, दिले आणि काही ठिकाणी एआयचं मत मुद्दाम चुकीचं दाखवलं. एआयचं मत बरोबर असताना फार अनुभवी डॉक्टरही सुमारे 82 टक्के वेळा बरोबर होते. चुकीचं दाखवल्यावर तेच साडेपंचेचाळीस टक्क्यांवर आले. नवख्यांची तर वीस टक्क्यांपर्यंत घसरण झाली. एकदा कानात कोणी उत्तर सांगितलं की आपला डोळा तिकडेच वळतो. तेव्हा तुम्हीही आपल्या रेडिओलॉजिस्टला हा प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मी मशीनच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. 1991 ची गोष्ट. पंचमहालकडचा एक मजूर, तिशीतला, खोकत आला होता. फिल्म मी धुतली. ओल्या फिल्मवरच डाव्या फुफ्फुसातली पोकळी मला दिसली, रुपयाएवढी. पण टेक्निशियनने रिपोर्ट सांगायचा नसतो. फिल्म गठ्ठ्यात गेली, मध्ये सणाची सुट्टी आली, रिपोर्ट चौथ्या दिवशी झाला. तोवर तो माणूस गावी निघून गेला होता. पत्ता म्हणून फक्त तालुक्याचं नाव. तो पुन्हा आला नाही. त्या वेळी तो गठ्ठा चाळून ती एक फिल्म सगळ्यात वर आणून ठेवणारं काही असतं, तर डॉक्टर त्याच दिवशी ती बघते. आज हे सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं. या सेंटरमध्येही, त्या मुलीने सांगितलं, बाइकवरून पडलेल्या एका मुलाच्या फुफ्फुसाबाहेर हवा साठली होती. मशीनने फोटो लाल करून रांगेत सर्वांत वर टाकला आणि साहेबांचा घरून दहा मिनिटांत फोन आला. यासाठीच हे हवं. खुणेची चिठ्ठी डॉक्टरांकडे जावी, आणि तीही लगेच. घरच्यांकडे जावा तो सही केलेला रिपोर्ट.

मालकांना मी हेच सांगितलं. त्यांनी कबूल केलं की तो मेसेज सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्येच आपोआप जाणारा होता आणि रुग्णांना निकाल लवकर मिळतो म्हणून त्यांना ती सोय वाटली होती. कंपनीला सांगून बंद करतो म्हणाले. दोन आठवड्यांनी शेजारच्या काकांना घेऊन मी मुद्दाम तिथेच गेले. मेसेज आला तो एवढाच: एक्स-रे झाला आहे, डॉक्टरांच्या सहीनंतर रिपोर्ट मिळेल. फॉर्मवर रबरी शिक्क्याने दोन नव्या ओळी उमटवल्या होत्या, पूर्वी टीबी झाला होता का आणि जुने एक्स-रे आहेत का. छापील फॉर्म संपले की नव्यात येतील म्हणे. मला तो शिक्काही पुरतो.

अजून एक तक्रार राहिली आहे. हातात देतात तो चकचकीत कागदावरचा प्रिंट. तो सर्जनला दाखवायला ठीक, पण त्यावरून वाचन होत नाही. बारीक ठिपके कागदावर मरतात. सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. मागितली की देतात, पैसे लागत नाहीत, पण आपणहून देत नाहीत. आणि घरात जुन्या फिल्म असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. त्यातली चांदी काढायला ते घेतात, चार पैसे मिळतात, पण जुनं-नवं ताडून बघायला दुसरं काही उरत नाही. फिल्म एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद घालून, उभ्या ठेवा.

पाचपैकी चार तारे देते. फोटो आणि रेडिओलॉजिस्टसाठी पूर्ण पाच दिले असते. एक कापला तो त्या दोन रात्रींसाठी.

वेळ सकाळी 8 ते रात्री 8, रविवारी बंद. शनिवारी काढलेल्या एक्स-रेचा रिपोर्ट सोमवारीच मिळतो, तेव्हा घाई असेल तर शुक्रवारपर्यंत जा. पायऱ्यांना उतार अजून झालेला नाही. पण इमारतीच्या मागे अॅम्ब्युलन्सचं दार आहे, तिथे पायरी नाही. वॉचमनला सांगितलं की तो उघडून देतो. गुडघ्याचा पेशंट असेल तर तिकडूनच न्या.